मिस्सेआधीचा चहा

“उद्या सकाळी चहा घेऊ नकोस, आई,” बेनू म्हणाला.

आई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. “बघू.”

“बघू नाही. घ्यायचा नाही.”

“चहा न्हाई घेतला तर मह्यं डोकं चढतं.”

“एक दिवस चढू दे.”

मी पलीकडे तांदूळ निवडत होते. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि दोरीवर बेनूचा नवा पांढरा झगा वाळत होता. आदल्याच दिवशी बिशपांनी त्याला गुरुदीक्षा दिली होती. माझा धाकटा भाऊ, शेंबडा बेनू, आता फादर बेनेडिक्ट तोरणे झाला होता आणि उद्या रविवारी आपल्या गावच्या देवळात पहिली मिस्सा, वेदीवरची प्रसादाची उपासना, करणार होता. श्रीरामपूरच्या पुढे कालव्याकाठी आमचं गाव. आमच्या वस्तीतून फादर झालेला हा पहिलाच. कालपासून वस्तीतली म्हातारी माणसंही त्याला अहो-जाहो करत होती. आई तेवढी ‘अरे बेनू’वर अडून होती.

चहाचं आता सांगायला हवं. मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर आधी तासभर पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असा नियम आहे. आमची आई मिस्सेला निघताना न चुकता चहा प्यायची. मग सगळे कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या, रांगेत उठले की ही मागे दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ, चटईवर बसून राहायची. कोणी विचारलं तर म्हणायची, “चहा झाला ना मपला.” जुने फादर आल्मेडा एकदा तिला म्हणाले होते, “सगुणाबाई, माझं प्रवचन इतकं लांबतं की तुमचा तास आरामात भरतो. या पुढे.” बायका खूप हसल्या. पुढच्या रविवारपासून आई पदराच्या गाठीत भाजलेले शेंगदाणे घेऊन यायला लागली. प्रवचन सुरू झालं की एकेक दाणा तोंडात टाकायची. चहाने दगा दिला तरी शेंगदाणे राखणीला असायचे. वस्तीत तिचं नावच ‘चहावाली सगुणा’ पडलं होतं आणि आम्हीही तिला त्यावरून चिडवत मोठे झालो.

“नवा फादर पहिल्या मिस्सेला पहिला प्रसाद आपल्या आईला देतो,” बेनू म्हणाला. “तशी रीत आहे. अख्खं गाव बघत असेल. मी प्रसादाची भाकर हातात घेऊन उभा राहीन आणि माझी आई दारापाशी शेंगदाणे खात बसेल?”

“फिलीला दे. ती बहीण हाय.”

“मला आई आहे.”

आईने सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. “न्हाई जमायचं, बाबा.”

बेनू खाली उतरून तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने आवाज उतरवला, पण मला ऐकू येत होतं आणि मी उठून जावं असं त्यालाही वाटलेलं दिसलं नाही. “मला माहीत आहे तू का येत नाहीस. ऑपरेशनमुळे. ना?”

ऑपरेशनची गोष्ट वस्तीत सगळ्यांना पाठ होती. आणीबाणीत तालुक्याची जीप गावोगाव फिरून नसबंदीला माणसं गोळा करायची. जीप आमच्या वस्तीत आली तेव्हा सगळे बाप्ये उसात पळाले. बाप्या सापडेना म्हणून सगुणाला गाडीत कोंबून नेलं आणि तिचं ऑपरेशन केलं, अशी ती गोष्ट. आमचे दादा, म्हणजे वडील, ती सांगताना रडायचे. बेनू सेमिनरीत फादरकीचं शिकत असताना ते वारले, तोवर त्यांनी ती किती जणांना सांगितली असेल देव जाणे. मूल होऊ नये म्हणून असं काही करून घेणं आमच्या धर्मात मोठं पाप, आणि असं पाप माथी असलं की कबुली देऊन क्षमा मिळेपर्यंत प्रसाद घेता येत नाही. पण आईवर तर जुलूम झाला होता, त्यामुळे तिला कोणी बोल लावला नाही. फादर आल्मेडांनी वेदीवरून तिच्यासाठी प्रार्थनाही केली होती. आई तेव्हा चपलांजवळ मान खाली घालून बसली होती म्हणे, आणि बायकांना तिची फार दया आली होती.

“आई, ते पाप तुला लागत नाही,” बेनू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जणू सेमिनरीतून तो हेच एक औषध घेऊन आला होता. “प्राणघातक पाप व्हायला तीन गोष्टी लागतात. विषय गंभीर हवा, पूर्ण जाणीव हवी आणि पूर्ण संमती हवी. तिन्ही. एक जरी कमी पडली तरी—”

“—तरी चहा होत न्हाई,” आई म्हणाली.

मला हसू आलं. आमच्या लहानपणी धर्मशिक्षण घेणारे मास्तर हेच चहावरून शिकवायचे. पाणी, पत्ती, साखर. तिन्ही पडलं तर चहा, एक नसेल तर नुसता काढा. कोणीतरी दरवेळी विचारायचं, “मास्तर, दूध?” आणि छडी खायचं. त्याच मास्तरांनी बेनूला एकदा रडवलं होतं. बेनू पेरू चोरायला गेला होता, राखणदार जागा होता म्हणून हात हलवत परत आला. मास्तर म्हणाले, मनात ठरवलंस ना, हो म्हणालास ना, मग पाप तिथेच झालं, तोडलेस काय अन् न तोडलेस काय. बेनू बिचारा न तोडलेल्या पेरूंची कबुली द्यायला फादरांकडे गेला होता. असा हा मुलगा.

“मग तेच सांगतोय,” बेनू म्हणाला. “तुझी संमती कुठे होती? तुला तर ओढून नेलं.”

आईने वाटी बाजूला सारली आणि हात पदराला पुसले. आता ती काहीतरी बोलणार हे मला कळलं, आणि का कोण जाणे, तिने बोलू नये असं वाटलं.

“कोन म्हनलं ओढून नेलं?”

“दादा सांगायचे.”

“तुहे दादा उसात होते. त्यांनी कुठून बघितलं?” आई म्हणाली. “मी भाकरी थापीत होते. जीपचा आवाज आला. तवा उतरवला, हात धुतले, तुला फिलीच्या कडेवर दिलं. तिला म्हनले, भाकरी झाकून ठिवल्यात. आन् जीपपशी जाऊन म्हनले, मला न्या.”

बेनूने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. भाकरी झाकून ठेवल्यात, हे मला नीट आठवत होतं. आई चालत गेलेली आठवत होती, पदर सारखा करत, बाजाराला निघाल्यासारखी. मोठी माणसं गाडीत कोंबून नेलं म्हणायची तेव्हा मला वाटायचं, ते पुढे कुठेतरी झालं असेल, वळणाच्या पलीकडे.

“तू घाबरली असशील,” बेनू म्हणाला. “घरात घुसतील, मारतील—”

“घरात कोन घुसतंय? ते बाप्ये हुडकीत होते. मह्याकडं त्यांनी बघितलं बी न्हाई. एकजन उलटा मलाच म्हनला, बाई, नवऱ्याला इचारलं का? म्हनले, नवरा उसात हाय, जाऊन इचारा.”

मी पुन्हा हसले. बेनू हसला नाही.

“मग तब्येतीचं दडपण असेल. माझ्या वेळी तू मरता मरता वाचलीस. माणूस इतका खचलेला असेल तर त्याची संमती पूर्ण धरत नाहीत, आई. पुस्तकात स्पष्ट आहे.”

“खचले न्हवते. पुरं झालं होतं. तुमच्या मधली दोन पोरं मातीत घातली. म्हनले, देवा, आता पुरं. त्याला सांगून गेले मी, चोरून न्हाई गेले. रस्त्यानं बाभळी फुलल्या होत्या. मी बघत बघत गेले.”

“हे पाप आहे हे तुला तेव्हा कळत होतं?”

“मास्तर ओसरीवर शिकवायचे तव्हा मी आतून ऐकायची. कळत न्हवतं कसं म्हनू? मह्या चहात तिन्ही होतं, बेनू. पानी, पत्ती, साखर.”

बेनूचा चेहरा पडला. मला त्याची दया आली आणि रागही आला. आईला निर्दोष ठरवायचं म्हणून तो तिला कधी भित्री ठरवत होता, कधी आजारी, कधी अडाणी.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “मग आता वाईट वाटतं एवढं म्हण. फादर आल्मेडा उद्या येणारच आहेत. मिस्सेआधी दोन मिनिटं त्यांच्याजवळ बस, कबुली दे, संपलं.”

“बसले होते त्यांच्याजवळ, लई वर्सांपूर्वी. त्यांनी बी तुह्यासारखंच केलं. सक्ती होती म्हनले. मी म्हनले, न्हाई फादर, मपल्या पायानं गेले. मग इचारलं, पस्तावा हाय का? मी म्हनले, न्हाई. ते म्हनले, मग मला क्षमा देता येत न्हाई, बाई. बरोबरच बोलले ते. रडले बिचारे.”

तेव्हा मला आठवलं, चहावरून चिडवणं फादर आल्मेडांनी एकाएकी सोडून दिलं होतं.

“तुह्या दादांना खरं सांगितलं न्हाई, त्याचा पस्तावा हाय,” आई म्हणाली. “ते रडायले लागले, लोकं ‘बिचारी, बिचारी’ म्हनायले लागले, मी गप बसले. त्याची माफी मी रोज मागती. पर ह्याची न्हाई.”

“फक्त ‘चुकले’ म्हण, आई!” बेनू ओरडलाच. “एक शब्द! काय जातं तुझं?”

मलाही अगदी तेच वाटत होतं. काय जातं हिचं? पोराचा एवढा मोठा दिवस, सगळं गाव बघणार, आणि ही एका शब्दाला महाग झाली होती.

आईने त्याच्याकडे बघितलं. मग हळू आवाजात, एखादी जुनी वस्तू शोधून काढावी तसं बोलू लागली. “मह्या लग्नात फादरनं इचारलं, राजीखुशीनं आलीस का? लग्न म्हंजे काय तेच मला ठाव न्हवतं. मागून काकूनं चिमटा काढला. मी व्हय म्हनले. चिमट्याचं व्हय. ते तुमच्या धर्मानं पक्कं धरलं, जल्मभराचं धरलं. आन् जीपमधी मी मपल्या पायानं चढले, तर ते म्हनतोस कच्चं. आरं, सगळ्या जल्मात राजीखुशीनं मी येवढंच केलं. ते बी तू काढून घेतो व्हय?”

बेनू उठला. पायात चपला न घालताच कालव्याकडे निघून गेला. दिवेलागणीला परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजले होते. आईने वाढलं, तो मुकाट्याने जेवला.

सकाळी मी नेहमीसारखा चहा केला आणि कप आईसमोर ठेवला. ती नवं लुगडं नेसून बसली होती. तिने कप दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

“नको.”

“डोकं चढेल.”

“चढू दे.”

तिच्या पदराची गाठ मी बघून घेतली. रिकामी होती. ही आज रांगेत येणार होती. पश्चात्ताप नसताना प्रसाद घेणं हे त्याहून मोठं पाप, हे तिला ठाऊक होतं. आणि काल सगळं तोंडाने सांगून तिने बेनूलाही मोकळं ठेवलं नव्हतं. तो आता काही माहीत नसल्यासारखा देऊ शकत नव्हता. दिलं तर जाणून द्यायचं, नाही दिलं तर अख्ख्या गावासमोर आपल्या आईला परत पाठवायचं. नवा फादर पहिल्याच मिस्सेला आईला प्रसाद नाकारतो म्हटल्यावर लोकांनी तिच्याबद्दल काय काय रचलं असतं! मला आईचा इतका राग कधीच आला नव्हता.

देऊळ खच्चून भरलं होतं. नव्या फादरच्या आईसाठी पुढे हार घातलेली खुर्ची ठेवली होती. आई तिकडे गेलीच नाही, आपल्या जागेवर चपलांजवळ बसली. खुर्ची रिकामी राहिली. बेनूचा आवाज पहिल्यांदा कापला, मग स्थिरावला. प्रवचनात त्याने दादांचं नाव घेतलं, आईचं घेतलं नाही.

कम्युनियनची वेळ झाली. बेनू प्रसादाचा पेला घेऊन खाली उतरला आणि उभा राहिला. रांग पुढे सरकेना, कारण सगळे रिकाम्या खुर्चीकडे आणि मग वळून दाराकडे बघत होते. फादर आल्मेडा वेदीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. आई उठली. सगळं देऊळ ओलांडून चालत आली, पदर सारखा करत. मला ती चाल ओळखीची होती. मी तिच्या मागोमाग गेले, का ते माहीत नाही. तिला धरावं लागेल असं वाटलं असेल.

बेनूने भाकर उचलली. “ख्रिस्ताचे शरीर.”

यावर ‘आमेन’ म्हणायचं आणि तोंड उघडायचं. आईने दोन्ही केलं नाही. तिने त्याच्याकडे वर बघितलं आणि फक्त त्याला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “जानूनबुजून देता न्हवं, फादर?”

पहिल्यांदाच ती त्याला फादर म्हणाली, पहिल्यांदाच अहो म्हणाली. सेमिनरीत जाऊन त्याची बोली पार धुऊन निघाली होती, पण त्या वेळी तो आमच्या अंगणातलं बोलला.

“व्हय, आई,” तो म्हणाला. “राजीखुशीनं.”

आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर आधी कधी बघितलं नव्हतं. तिने त्याचं मनगट धरलं, हलकेच खाली केलं आणि त्या मनगटाचा मुका घेतला. मग बाजूला झाली आणि आली तशी मागे निघून गेली. नव्या फादरच्या हातांचा मुका घ्यायची रीत आहेच, ती मिस्सा संपल्यावर असते, पण आईचं काळीज, तिला धीर निघाला नाही, असं लोकांना वाटलं. बायकांनी डोळ्याला पदर लावले.

तिच्या जागी आता मी उभी होते. आईसाठी उचललेली भाकर बेनूच्या हातात तशीच होती. “ख्रिस्ताचे शरीर,” तो मला म्हणाला. मी ‘आमेन’ म्हणाले आणि ती घेतली.

मिस्सेनंतर मांडवात हार झाले, भाषणं झाली, लोकांनी बेनूच्या हातांचे मुके घेतले. पंगत बसली तेव्हा आई कुठे दिसेना. मला ती सापडली देवळातच, दारापाशी, चटईवर. माझ्या पाठोपाठ बेनूही आला. चपला आता फक्त आमच्याच होत्या.

“का नाही घेतलंस?” त्याने विचारलं.

“तू व्हय म्हनला. मला तेवढंच पायजे होतं,” आई म्हणाली. “घेतलं असतं तर तुह्या माथी पाप बसलं असतं. पह्यल्याच दिवशी. येवढी मी येडी न्हाई.”

बेनू हसला. ते हसणं मला आवडलं नाही. “आई, पेरू आठवतात का तुला?”

“कोनते पेरू?”

“न तोडलेले. मनात हो म्हटलं की पाप तिथेच होतं. मी काल रात्रभर विचार केला, काय ते समजून घेतलं आणि आज हो म्हणालो. तू हात खाली केलास, पण हो म्हणून झालं होतं.”

आईचा चेहरा उतरला. इतकी वर्षं शेंगदाण्यासकट सगळा हिशोब चोख ठेवणारी बाई पेरू विसरली होती. मी तिला पहिल्यांदाच घाबरलेली बघितलं. ती गडबडीने म्हणाली, “मग जा की! फादर आल्मेडा हाईत अजून मांडवात. जा, कबुली दे, मोकळा हो. पस्तावा हाय न्हवं तुला?”

बेनूने वेदीकडे बघितलं. मेणबत्त्या कोणीतरी विझवल्या होत्या.

“नाही, आई,” तो म्हणाला. “तोच तर घोटाळा आहे. नाही वाटत.”

ती त्याला काहीतरी सांगेल, रागावेल, निदान रडेल, असं मला वाटलं. आज इतक्या वर्षांनी, आई गेल्यावर, बेनूचे केस पांढरे झाल्यावरही मी त्याला कधी विचारलेलं नाही, की पुढे तू कोणाजवळ गेलास का, आणि काय सांगितलंस. त्या दिवशी आईने फक्त आमच्या चपला पायाने बाजूला सारल्या, चटईवर थोडी सरकली आणि शेजारी हात थोपटला. नव्या झग्यासकट बेनू तिथे बसला.

“फिले,” आई मला म्हणाली, “चहा आन. दोघांचा.”